देवव्रतचं आवर्तन

कोलकाता

तीर्थरूप आई,
इथूनच वाकून नमस्कार.

गाण्याच्या स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. फोनवर सांगितलं असतं तर बाबा रडले असते, म्हणून लिहिते आहे. घसा ठीक आहे, जेवण ठीक आहे. आपल्या एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्राची घरघर इथे नाही, म्हणून खोली फार शांत वाटते. बाबांचा खोकला कसा आहे?

देवव्रत आपल्याला सोडून गेल्यानंतर मी पहिल्यांदाच एकटी गायले. एक आवर्तन माझं, एक त्याचं, असंच आम्ही लहानपणापासून गात आलो. माझं आवर्तन संपलं आणि मी सवयीने थांबले. तबला एकटाच चालला होता. आणि आई, देवव्रत गायला. मी ऐकलं. त्याने सोडलं तिथूनच मी सूर उचलला.

परीक्षक म्हणाले, "या वयात इतकं थांबायचा धीर? कुणी शिकवलं, बाळ?"

"भावाने."

"मग पुढच्या वेळी त्यालाही घेऊन ये."

मी "हो" म्हणून आले.

त्याच्या तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवू, असं तू म्हणाली होतीस. उतरवल्यास का? नसशील, तर राहू दे. रविवारी आम्ही दोघं येतो.

तुझी,
वल्लरी