करपलेल्या दाण्यांची खिरापत

प्रिय बाबा,

हे काय करून ठेवलं तुमी! कालपासून माह्या डोक्यात हेच फिरून राहिलं. तुमी असते तं फोन लावून चांगली भांडली असती. आता भांडू कोणाशी? फोटोसमोर बोलाले गेली की आई रडते. म्हणून लिहून राहिली.

काल वैशाली आली आपल्या सौंसरले. माही होस्टेलची मैत्रीण, उमरेडची. पहिलं वर्ष संपलं, सुट्ट्या लागल्या, म्हणून मीच तिले बोलावलं. आईच्या पाया पडली, तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढं उभी राहिली, अन् पिशवीतून स्टीलचा एक डबा काढून तिथं ठेवला. "काकांचा आहे. द्याचा राहूनच गेला," म्हणे.

आईनं डबा उचलला, उलटा केला, बुडाची चिकटपट्टी खरवडली. खाली आईचं नाव कोरलेलं! मामानं लग्नात दिलेला तो डबा. "अव माय! हा तं आपला हाय! आन मी इतके दिवस त्या शेजारच्या शोभाच्या नावानं बोटं मोडून राहिली!"

मी तं आईच्या हातून डबा ओढूनच घेतला. कारण तो डबा मलेही ठाऊक होता. पण वैशालीचा म्हणून!

आठवते काय तुमाले, नागपूरले गेल्यावर माहे काय हाल होते? हजेरीले "येस सर" म्हणाले तोंड उघडत नव्हतं. समोर बसून असली तरी सर गैरहजर लावत. मेसमधी भाजी संपली तं मागत नव्हती, कोरडी पोळी खाऊन उठत होती. फोनवर रोज एकच रडगाणं, "बाबा, घेऊन जा मले." मग एक दिवस म्हटलं, "मी बॅग भरली. रविवारच्या बसनं येते, आता कॉलेज नाही." तुमी फोनच ठेवून दिला. मले वाटलं, रागावले.

शनिवारी संध्याकाळी ही वैशाली माह्या खोलीच्या दारात. तवापर्यंत तिचं नावही मले धड माहीत नव्हतं. कानाशी डबा धरून खडखड वाजवला, म्हणे, "भुलाबाईचे दिवस आहेत. ओळख, खिरापत काय आहे? ओळखली नाही तं कोणालेच भेटणार नाही." मागं पोरींचा घोळका.

बाबा, लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणत आमी पोरी घरोघर फिरत होतो, तवा तुमी मागं येत होते ना? शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवे. मले आवाजावरून सगळं कळे. शेव, लाडू, उसळसुद्धा! पण तोंडातून शब्द निघाला तं शप्पथ. मी पळत येऊन तुमच्या कानात सांगत होती, अन् तुमी साऱ्या पोरींच्या मागून वरडत होते, "चिवडा!" बाया हसत. "मोठ्ठी भुलाबाई आली पाहा मिशीवाली," म्हणत. तुमाले काही लाजच नव्हती!

त्या शनिवारी कान कोणाचा होता तिथं? मी पुटपुटली, "चिवडा." "काय म्हटलं?" "चिवडा! मुरमुऱ्याचा! दाणे घातलेला!" इतक्या जोरानं निघालं की मीच दचकली. पोरींनी गलका केला, मले ओढत खाली अंगणात गाणी म्हणाले नेलं. भरलेली बॅग तशीच राहिली.

तुमाले लगेच फोन केला. "बाबा, माही मी मैत्रीण केली!" तुमी सगळं पुन्हा पुन्हा सांगाले लावलं. "चिवडा कसा होता?" विचारलं. मी म्हटलं, "दाणे करपले होते. तिच्या आईले जमत नाही वाटते." तुमी खाकरून म्हटलं, "कोणाच्या हातच्या खाण्याले नावं ठेवू नये, बाई." हसू दाबून राहिले होते ना तवा? खरं सांगा!

वैशालीनं काल सारं सांगतलं. त्या शनिवारी तुमी संत्र्याच्या गाडीसंग नागपूरच्या मंडीत आले, अन् तिथून होस्टेलच्या गेटवर. आई मावशीकडे मोहगावले गेलेली, म्हणून चिवडा तुमच्याच हातचा. बुडाचं नाव चिकटपट्टीनं झाकून, गेटमधून जी पोरगी पहिली दिसली तिच्या हाती डबा दिला. म्हटलं, "नुसता देऊ नको. वाजव, आन ओळखाले लाव. माह्या रेणूले ओळखू येते, पण सांगाले माहा कान लागते. आज माहा कान नाही." अन् कोणाले न सांगाची शप्पथ घातली!

आणि थांबले. वैशाली परत येऊन "काका, जोरानं बोलली" म्हणेपर्यंत गेटवरच उभे. ऐकलं तसे तिथंच दगडावर बसले अन् दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले. बाबा! मी आत अंगणात गात होती अन् तुमी गेटबाहेर! एक हाक माराची होती! दिवाळीतही चकार शब्द नाही. अन् दिवाळीनंतर तं तुमी बसल्या जागी गेले. मी येईपर्यंतही थांबले नाही.

मी वैशालीवर भडकली. "म्हणजे बाबानं सांगतलं म्हणून तू माही मैत्रीण?" माहं जे एकच काम मी स्वतः केलं होतं, तेही तुमचंच निघालं, असं वाटून मले रडू आलं.

तिचंही डोकं फिरलं. "काकांनी एक डबा दिला. एका चिवड्यावर, तोही करपलेला, कोणी वर्षभर संग राहते काय? माहा पेपर बिघडला तवा माह्याजवळ कोण बसून होतं? काका?"

आई मधीच डोळे पुसत म्हणे, "दाण्याले मंद आच लागते, पण या माणसाले सांगाव कोणी!" अन् आमी तिघीही हसत हसत रडलो.

बाबा, आता नव्या पोरी येतील. एखादी मेसमधी कोरडी पोळी खाऊन उठेल. मले ती दुरूनच ओळखू येईल. भुलाबाई बसली की मी हाच डबा घेऊन तिच्या दारात जाईन. वाजवीन, अन् उत्तर येईपर्यंत हलणार नाही. तिनं कान मागितला तरी देणार नाही, हे तुमाले वचन.

आईनं डबा घासून ठेवला आहे. दाणे मी भाजीन. थोडे करपवीनच.

तुमची,
आता मोठ्यानं बोलणारी
रेणू