ताडीचा व्हिडिओ

१२ ऑगस्ट
डोकं फिरलंय. नर्सिंगच्या प्रवेशयादीतून रूपीचं नाव उडवलं. तलासरीकडच्या पाड्यावरची मुलगी, बारावीला शहात्तर टक्के, मुलाखतीत एका प्रश्नाला अडली नाही. कारण काय — इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ! प्रवेश समितीतल्या दक्षाबेनने तो उतरवून आमच्या ग्रुपवर टाकला. लग्नाचा मांडव, एक म्हातारी गातेय, रूपी तिच्या पेल्यात ताडी ओततेय. "आज ओतते, उद्या वॉर्डात झिंगत येईल," म्हणे. सगळे हसले.

जूनमध्ये 'अर्जदारांचे अकाउंट बघू या' असं ठरलं, तेव्हा मीही मान हलवली होती. शिस्तीला बरं, असं वाटलं. मूर्ख मी.

१३ ऑगस्ट
रूपीला फोन केला. आधी घाबरली, मग बोलली. "बाई, ती माझी आजी. धवलेरी आहे. आमच्यात तीच गाऊन लग्न लावते. तिला ताडी दिल्याशिवाय लग्न कसं लागेल?"

म्हटलं, आधी तो व्हिडिओ काढून टाक, मग बघते मी एकेकाला.

"फोनमधला पण?"

सगळीकडचा, म्हटलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला प्राचार्यांशी बोलले नाही. ज्याने अकाउंटला कुलूप लावलं तो सज्जन? ज्याच्याकडे फोनच नाही तो गुणी? हुशार पोरं दोन-दोन अकाउंट ठेवतात. एक आईबापांना, आता कॉलेजलाही, दाखवायचं. पकडली जाते ती साधी मुलगी.

१८ ऑगस्ट
बैठक. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे." मी विचारलं, तुम्ही भटजींच्या हातावर दक्षिणा ठेवतानाचा फोटो काढून मी तुम्हाला लाच देणारे म्हणू का?

दक्षाबेन गप्प बसते थोडीच. "पण ताई, ताडी ती ताडीच ने?"

"आणि तुमच्या मुलाच्या लग्नात दमणहून गाडी भरून आलं ते काय, सरबत?"

कोपऱ्यातला क्लार्क सुनील खोकत बाहेर पळाला.

रूपीचं नाव परत आलं. अर्जदारांचे अकाउंट बघणं बंद, असा ठराव लिहून घेतला. तेवढ्यावर सोडलं नाही. सगळ्यांना फोन टेबलावर ठेवायला लावले. व्हिडिओ ग्रुपवरून गेला, गॅलरीतून गेला. एकेकाचा फोन मी स्वतः तपासला. शेवटी माझ्यातलाही पुसला. फार दिवसांनी पोटभर जेवले.

१ सप्टेंबर
रूपी हॉस्टेलात आली. गणवेश खांद्यात सैल आहे. टाचून घे म्हटलं.

११ सप्टेंबर
रूपी तीन दिवसांनी पाड्यावरून परतली. आजी सोमवारी गेली. माझ्या टेबलाशी आली. मग म्हणाली, "बाई, समितीकडे तो व्हिडिओ असेल ना? तिचं गाणं तेवढ्या एकातच होतं."