सरासरी पन्नास मिनिटं

मंगळवार, दहा मार्च

थोरल्या ताईच्या पायांशी,

धाकट्या ग्यु-थेचा नमस्कार. डाव्या गुडघ्याने संप पुकारल्यामुळे मला हल्ली अर्धंच वाकता येतं, तेव्हा उरलेला अर्धा नमस्कार या पत्रातून समजून घे. तुझी कंबर कशी आहे? मिरचीच्या रांजणाचं झाकण या वर्षी तरी एकटीने उचलू नकोस. भावजींचं कानातलं यंत्र सापडलं का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते हरवल्यापासून घरात शांतता आहे, त्यामुळे ते सापडावं अशी इच्छा करावी की करू नये, हे मला ठरवता आलेलं नाही.

पहिलं महत्त्वाचं: आमच्या लेकीचं, हे-वॉनचं, लग्न ठरलं. तू सुचवलेल्या क्वोनांच्या घरीच ठरलं. आता खाली बस, पाणी पी, भावजींना ओरडून सांग आणि मग पुढचं वाच. मी गेले तीन दिवस एखादा जड पाटा छातीवरून उतरल्यासारखा हिंडतो आहे. काल तर बंदरावर शिट्टी वाजवत गेलो. (शिट्टी वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चौतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, हे तुला माहीत आहे.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण घरातून बोललं तर बायको, सुन-दॉक, ऐकते, आणि बंदराच्या भिंतीवरून बोललं तर शिंपल्या वेचणाऱ्या बायका ऐकतात. या गोष्टीत थोडा भाग असा आहे, की तो माझ्याच तोंडून पण कमीत कमी कानांत जावा.

आमच्या बेटाचा रस्ता तुला माहीतच आहे. तू इथे तीनदा आलीस आणि तिन्ही वेळा 'आता रस्ता पाण्याखाली जाईल' म्हणून मी तुला भरल्या ताटावरून उठवलं. ओहोटीला उघडतो, भरतीला बुडतो, दिवसातून दोनदा. त्यात गूढ काही नाही. चंद्र पुढे सरकतो, म्हणून समुद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो. निसर्ग लहरी नसतो, तो पुन्हा पुन्हा तेच करतो आणि जे पुन्हा पुन्हा होतं त्याचा नियम सापडतो, हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे. रस्ता कधी बंद होणार हे आजही गावात मीच सांगतो. मच्छीमार संस्थेचं एक कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला असतं, त्यात रोजच्या वेळा छापलेल्या असतात, पण ते मी फक्त पडताळ्यापुरतं वापरतो. (पुस्तकाच्या मागे उत्तरं असतात म्हणून कोणी गणितं सोडवायचं थांबतं का?)

हे-वॉनची याआधीची दोन स्थळं कशी गेली ते तुला मी लिहिलं होतं. ग्वांगजूचे ते दंतवैद्य सव्वाअकराला आले आणि मी त्यांना बाराला पाच कमी असताना व्यवस्थित गाडीत बसवून दिलं. रस्ता बंद व्हायच्या पूर्ण पंचवीस मिनिटं आधी. दुसरी मंडळी नाजूची, नासपतीच्या बागा असलेली. त्यांच्यासमोर फळं चिरून यायच्या आधीच मी त्यांचे कोट आणून ठेवले होते, इतकी चोख व्यवस्था. 'कळवतो' म्हणून गेले, ते अजून कळवताहेत. पोरगी चौतिसाव्या वर्षात आहे, बेटावरच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, घर सोडून फार लांब जायचं नाही म्हणते, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिने लग्नाचा विषयच बंद केला होता. सुन-दॉक रात्रंदिवस काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणून हे तिसरं स्थळ हातचं जाता कामा नये, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मंडळी शनिवारी यायची होती. सोमवारी सकाळी पाहतो, तर खिळ्यावर कॅलेंडर नाही! सुन-दॉकला विचारलं. ती म्हणाली, "उंदराने नेलं असेल." उंदीर मार्च महिना घेऊन काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला तरी कॅलेंडर कशाला लागतं? तुमचा नियम आहे ना?" बोलणं बिनतोड होतं. मी स्वतः जाऊन सोमवारी रस्ता बंद होण्याची वेळ टिपली: बरोबर बारा. सोमवार ते शनिवार पाच दिवस, रोज पन्नास मिनिटं. म्हणजे शनिवारी रस्ता चार वाजून दहा मिनिटांनी बंद. इतकं सुरेख गणित मी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

क्वोन मंडळी शनिवारी एकला आली. मुलगा दो-ग्योम गाडी चालवत होता, मागे आई-वडील आणि त्यांच्या मधोमध, लाल कापडात बांधलेली, चौदा पिढ्यांची वंशावळ. आन्दोंगच्या क्वोनांबद्दल तू जे सांगितलं होतंस ते कमीच होतं. क्वोनसाहेब बसले ते पाठीला काठी बांधल्यासारखे. सफरचंदांची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी अशी दिली, की मी ती घेताना अर्धाच वाकलो याची मला लाज वाटली. जेवण झालं. बोलणं मात्र होईना. ते हवेबद्दल एक वाक्य बोलत, मी समुद्राबद्दल एक बोले, मग चौघे मोठे आपापल्या वाटीत बघत. हे-वॉन मान खाली घालून, गेल्या दोन वेळांसारखीच. मी मनात म्हटलं, गेलं हेही. साडेतीनला मी घड्याळ पाहिलं आणि शिरस्त्याप्रमाणे कोट आणले. पाहुण्यांना घाई वाटू नये म्हणून मी त्यांना चालत किनाऱ्याकडे नेलं आणि वाटेत चंद्राचा नियम समजावून दिला. क्वोनसाहेब मन लावून ऐकत होते. "म्हणजे समुद्र तुमच्या घड्याळाने चालतो म्हणा ना," ते म्हणाले. मी नम्रपणे म्हटलं, "माझ्या नाही, नियमाच्या."

वळण घेतलं आणि समोर रस्ता नव्हता.

ताई, जिथे रस्ता असायला हवा होता तिथे समुद्र अगदी निवांत पसरला होता, दुपारचं जेवण करून पडलेल्या माणसासारखा. वाजले होते पावणेचार. आता सांगतो ते कोणाला सांगू नकोस. मी म्हणालो, "हे आधीच्या भरतीचं उरलेलं पाणी आहे. वरवरचं." आणि ते सिद्ध करायला बूट हातात घेऊन, विजार वर करून पाण्यात उतरलो. पाचव्या पावलाला गुडघा, आठव्याला मांडी. नवव्या पावलाला रस्त्याची कड संपली आणि चिखल सुरू झाला, हे मला चिखलानेच कळवलं. एक बूट वाहून गेला. (डाव्या पायाचा. नवा.) मी तिथूनच "घाबरण्यासारखं काही नाही!" असं सांगत होतो, पण बहुधा आवाज नीट लागला नसावा, कारण पुढच्याच क्षणी चौदा पिढ्यांचे क्वोनसाहेब, सुटाबुटासह, पाण्यात होते. त्यांनी माझी बखोट धरून ओढलं, मी बाहेर आलो आणि ते आत गेले.

नशिबाने शिंपल्यावाल्या बायकांचा ट्रॅक्टर जवळच उभा होता. बोंग-निम काकू, बायकांची पुढारीण, दोर टाकत ओरडली, "काय मास्तर, समुद्राने आज गृहपाठ केला नाही वाटतं?" बाकीच्या अकरा जणी हसल्या. आम्हा दोघांना शिंपल्यांच्या पोत्यांवर बसवून गावातून घरापर्यंत आणलं. मी वाटभर क्षमा मागत होतो.  क्वोनसाहेबांच्या कानातून पाणी गळत होतं, आणि मला वाटलं, यांच्यासमोर आता माझी मुलगी कुठल्या तोंडाने उभी राहील?

घरी आल्यावर नवीन संकट. माझे कपडे त्यांना होईनात, कमरेला तर मुळीच नाही. शेवटी सुन-दॉकने तिची चिखलात जायची इलॅस्टिकची विजार काढून दिली. तुला ठाऊक आहे ती, जांभळी, मोठमोठ्या लाल फुलांची. क्वोनसाहेब ती घालून दारात आले, पाठ तशीच ताठ, आणि गंभीरपणे म्हणाले, "आता वंशावळ दाखवतो."

हे-वॉन हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताई, दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.  क्वोनसाहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, फुलं पाहिली, आणि हसता हसता तेही खाली बसले.

पुढचं सगळं सोपं झालं. रस्ता दिवसाउजेडी उघडणार तो थेट रविवारी, तेव्हा मंडळी राहिली. विहीणबाईंनी बाह्या सरसावून शेवयांची कणीक लाटायला घेतली, सुन-दॉकने शिंपल्या उकडल्या, दोघी स्वयंपाकघरात अशा गप्पा मारत होत्या जणू एकाच आळीत वाढल्या. दो-ग्योमने माझ्या उरलेल्या एका बुटाला पॉलिश केलं. (मुलगा चांगला आहे.) हे-वॉनने होणाऱ्या सासऱ्यांचा रक्तदाब घेतला आणि गोळ्यांची चौकशी केली. ते म्हणाले, रोज नाही, पण आठवड्याच्या सगळ्या गोळ्या मी रविवारी एकदम घेऊन टाकतो, सरासरी रोज एकच पडते. तशी माझी शांत मुलगी कडाडली, "बाबांची ती पन्नास मिनिटांची सरासरी आज दुपारी पाहिलीत ना तुम्ही? रोज म्हणजे रोज!" मी खोकलो. क्वोनसाहेब पत्नीकडे वळून म्हणाले, "अगं, मला असं कोणी रागावून किती वर्षं झाली! ही आपल्या घरात हवी." आणि आन्दोंगच्या आरोग्य केंद्रातही परिचारिका लागते, महिन्यातून एकदा माहेरी यायचं, हेही दो-ग्योमनेच पुढे केलं.

हे-वॉनच्या त्या बोलण्यावरून चूक कुठे झाली ते मी रविवारी शोधून काढलं. पन्नास मिनिटं ही सरासरी आहे. पौर्णिमेच्या सुमारास समुद्र रोज जेमतेम अडतीस-चाळीस मिनिटंच उशीर करतो, पुढे अष्टमीच्या आसपास तासाहून जास्त करतो आणि हिशेब पुरा करतो. मी वर्गाची सरासरी उंची घेऊन एका पोराचा गणवेश शिवला. नियम बरोबरच आहे, हे लक्षात घे. फक्त शनिवारी तो तासभर आधी बरोबर होता.

सर्वांना नमस्कार. भावजींना तब्येतीला जपायला सांग, मोठ्याने.

तुझा,
ग्यु-थे

ता. क. बुटाचा विषय सुन-दॉकपाशी काढू नकोस. तो चांभाराकडे आहे असं मी सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. जेवताना क्वोनसाहेब म्हणाले, सफरचंदांच्या बागेत फुलं उघडली की हाताने पराग लावायचे असतात, तेव्हा घरचं कोणी मेलं तरी सवड नसते. लग्न त्याच्या आदल्या शनिवारी हवं. "नियमवाले तुम्ही, सांगा फूल कधी उघडेल." इतकं सगळं होऊनही त्यांनी मलाच विचारलं, ताई! मी भारावून म्हणालो, रोजच्या उबेची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की फूल उघडतं, हा नियम आहे, आणि अठरा एप्रिल सांगून मोकळा झालो. लग्न अकराला धरलं. आता मला झोप लागत नाही. त्यांची बाग तुझ्या बाजाराच्या वाटेवर आहे. दर चार दिवसांनी कुंपणावरून सहज डोकावून कळ्या करड्या आहेत, हिरव्या आहेत की गुलाबी, एवढं मला कळव. नियमाला थोडा आधार हवा आहे. कोणाला, विशेषतः सुन-दॉकला, सांगू नकोस. पाकीट चिकटवून टपालात टाकायला मी तिच्याकडेच देतो आहे, पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

वन्सं, नमस्कार. जागा थोडी आहे म्हणून कडेला लिहिते. कळ्या बघायला जाऊ नका, कंबर सांभाळा. अठरा तारीख विहीणबाईंनी सांगितलेली आहे. त्यांची फुलं गेली दोन वर्षं तेव्हाच उघडली. मी सूप वाढताना ती तारीख यांच्या कानाशी दोनदा मोठ्याने म्हटली होती, म्हणून यांच्या तोंडी आली. हॉलही धरून झाला. बूट बोंग-निमला सापडला, वाळत घातला आहे.

कॅलेंडर मीच मिठाच्या रांजणामागे लपवलं आहे. एरवी मी भांडी घासायला पाठ फिरवली की हे त्यात रोजची वेळ बघून घेतात, गेली तीस वर्षं. पाणी कधी येणार ते मी तिथीवरून ओळखते, आणि ट्रॅक्टर घेऊन जवळच राहा असं बोंग-निमला सांगून ठेवलं होतं. यांचे पाय भिजतील एवढाच माझा अंदाज होता, व्याह्यांचं मात्र मला वाईट वाटलं.

आधीची दोन्ही स्थळं तासाभरात उठून गेली. एवढ्या वेळात आमची पोर मान वर करून बघतसुद्धा नाही. दोन्ही वेळा यांचं गणित अगदी बरोबर होतं, म्हणून या वेळी मी ते जमू दिलं नाही.

कॅलेंडर दहा एप्रिलला परत खिळ्याला लावीन. त्या दिवशी मुलीला पलीकडे वेळेवर पोचवायचं आहे.