तापलेलं पोर आणि तीन कोपऱ्यांची गोधडी

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

वरोर, पौष वद्य द्वादशी

ती. सौ. हिरकणी वन्सं यांना वरोरहून भावजय संगिता हिचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, भावोजींची साखर, रियाचं दूध आणि बाळाची झोप ही चारही बेताने चालली असतील असं धरून चालते. इकडे तुमचे बंधू बरे आहेत. खोकला आहे, पण तो नेहमीचाच, त्याला आम्ही आजार म्हणत नाही.

तुमचं पार्सल बुधवारी पोचलं. त्यात नाचणीचं सत्त्व एक किलो, फुलवाती पाचशे, घाऱ्यांचा डबा एक (घाऱ्या अकरा, बारावीची जागा रिकामी होती) आणि नारळ दोन. टपालखर्च एकशे चाळीस रुपये पुडक्यावरच होता. नारळ पाहून तुमचे बंधू म्हणाले, हे तर आपल्याच वाडीतले, दिवाळीत आपणच नवसारीला पाठवले होते. मी म्हटलं, असू दे, माहेरपणाला आले असतील. फोडले, दोन्ही चांगले निघाले.

पार्सलातल्या चिठ्ठीत तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं आहे की सासूबाईंची गोधडी कुठे राहिली. माघी चतुर्थीला बाळाचं बारसं, त्याआधी ती पाळण्यात हवी, हे मला पक्कं ठाऊक आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन रिया उचलते आणि ओल्या बाळंतिणीला ही हकीकत इतक्यात कळायला नको. म्हणून पत्र. गोधडी आहे, सुखरूप आहे, तिचे कोपरे मात्र सध्या तीन आहेत. चौथा पवनचक्कीच्या पायात गेला. आता शांतपणे पुढचं वाचावं.

आपल्या वाडीच्या पश्चिमेचा खाजणाकडचा पडीक तुकडा कंपनीने भाड्याने घेतला, हे तुम्हाला माहीत आहे. दोनच पवनचक्क्या, चाचणीपुरत्या. कामावरचा इंजिनीअर प्रितम आपल्या पडवीच्या खोलीत राहतो आणि आपल्याकडेच जेवतो. मुलगा नीटस, ताटात काही टाकत नाही. लग्न झालेलं नाही (हे मी पहिल्या दिवशीच विचारून घेतलं होतं, ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे). तो जेवताना बांधकामाबद्दल बोलतो आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते, त्यामुळे मॅट्रिकनंतर एवढं शिक्षण माझं आत्ताच झालं.

पवनचक्की म्हणजे वरची पाती असं आपल्याला वाटतं. खरं काम खाली असतं. आपली जमीन दलदलीची, म्हणून आधी खोल भोकं पाडून काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवले. त्यांच्यावर पाया. वीस मीटर रुंदीचा गोल, कडेला पातळ, मधे जाड, उपडी परात ठेवून तिच्यावर तांब्या ठेवावा तसा. आत सळ्यांची जाळी इतकी दाट की तुमचे बंधू म्हणाले, यातून उंदीरही अर्ज केल्याशिवाय जाणार नाही. मधल्या तांब्यावर बोल्टांचं कडं, त्यावर मनोरा उभा राहायचा. हा सगळा पाया एका दमात ओतावा लागतो. मधे थांबलं तर खालचा थर आवळतो, वरचा त्याला धरत नाही आणि सांधा राहून जातो. म्हणजे आपल्या अखंड नामस्मरणासारखंच, फरक इतकाच की इथे चहाला उठलेल्याच्या जागी दुसरा बसवून भागत नाही, गाडीच यावी लागते.

ओतायचा दिवस ठरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझा उपास, घट मांडलेला, आणि दाराशी पहाटेपासून काँक्रीटच्या गाड्या. मी पोथी वाचताना गाडी गेली की तांदळाचा एक दाणा बाजूला ठेवत होते. दुसऱ्या दिवशी दाणे बावन्न भरले (रात्रीचे माझे नाहीत, मी झोपले होते, ते तुमच्या बंधूंनी खोकत खोकत ठेवले). प्रितमच्या वहीतही बावन्नच.

त्यात बर्फाची भानगड झाली. सिमेंटात पाणी पडलं की ते आपसूक तापतं, कळीचा चुना भिजवल्यावर उकळतो तसं. एवढा मोठा गोळा आतून फार तापू नये म्हणून पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. त्यासाठी बर्फाच्या कारखान्यातल्या झाडून सगळ्या लाद्या कंपनीने उचलल्या, आणि त्याच दिवशी धोंडूची बोट पापलेट भरून किनाऱ्याला लागली. धोंडू तडक आपल्या अंगणात. तुमच्या बंधूंना म्हणाला, "भाऊ, माझ्या पापलेटला बर्फ नाय आन तुमच्या खड्ड्याला थंडाई? बोलवा त्या सायबाला, मासेच ओततो त्याच्या खड्ड्यात." मी घट मांडलेल्या घरातून इतकंच म्हटलं की धोंडूभाऊ, गुरुवार आहे, माशांचं अंगणाबाहेर बोला. शेवटी प्रितमने त्याला आठ लाद्या सोडल्या. धोंडू गेला, पण वास शुक्रवारपर्यंत होता.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी ओतकाम संपलं. शनिवारी पहाटे मी सडा घालत होते, थंडी मरणाची, खाडीवरून वारा. तेवढ्यात पायावर पाणी मारायच्या कामाला असलेली सुकी धावत आली. म्हणाली, "वहिनी, सायबाचं पोर लय तापलंय. वरून गार पडलंय आन आतून आग. सायेब बोलले, पांघराया कायतरी द्या, जाडं."

मी म्हटलं, पोर? त्याचं?

"मग कोनाचं? दोन रात्री झोपला नाय तो त्याच्यापायी."

आता तो म्हणाला होता की लग्न झालेलं नाही. पण वन्सं, पोर तापलेलं असताना असले प्रश्न काढायचे नसतात. मी विचारलं, ताप किती? सुकी म्हणाली, "चौसष्ट." मला वाटलं बिचारीला आकडे कळत नाहीत. (सुकीची मी नंतर माफी मागितली. आकडा बरोबर होता.)

पेटीत गोधड्या सहा. पाच आपल्या, खरखरीत. सहावी सासूबाईंची, त्यांच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची, जिच्यात तुम्ही आणि तुमचे बंधू दोघे वाढलात. ती रियाच्या बाळासाठी धुऊन, कापूर घालून ठेवलेली, रियाचे दिवस भरत आले होते. पण सासूबाईंची शिस्त तुम्हाला आठवत असेल. गावात कुणाचं पोर तापलं की ही गोधडी त्या घरी जायची, आणि घर कुणाचं ते त्या विचारायच्या नाहीत. मी दोन वेळा पेटी मिटली, तिसऱ्यांदा उघडून दिली.

मग काढा केला, देवापुढचा अंगारा घेतला, दृष्टीसाठी मीठमोहऱ्या घेतल्या आणि मागोमाग गेले. पाहते तो पायावर सगळीकडे भाताचा पेंढा पसरलेला, वर ताडपत्र्या, आणि मधोमध, बोल्टांच्या कड्याला गुंडाळून, सासूबाईंची गोधडी. प्रितम शेजारी उकिडवा बसून हातातल्या यंत्रात आकडे पाहत होता. मी विचारलं, पोर कुठे आहे?

"हे काय काकू, तुमच्यासमोर. बावन्न गाड्यांचं."

काँक्रीट ओतण्याला ही माणसं पोर म्हणतात, वन्सं. इंग्रजी शब्द आहे. आज पोर आहे, पोर थांबला, पोर तापला, असं ती दिवसभर बोलतात. मी महिनाभर पोळ्या लाटताना ऐकत होते आणि या मुलाला लेकरांची भारी आवड आहे असं समजत होते.

दुखणं मात्र खरं होतं. पाया आतून चौसष्ट अंश आणि वर गार वारा. आतल्याबाहेरच्यात वीस अंशांहून जास्त फरक पडला की वरून तडे जातात. कंपनीची जाड पांघरुणं महामार्गावर चारोटीला वाहतूक तुंबल्यामुळे गाडीतच अडकलेली. पेंढा सगळीकडे टिकला, मधे वाऱ्याने उडत होता, तिथे गोधडी. म्हणजे आदल्या दिवशी बर्फ चारायचा आणि दुसऱ्या दिवशी गोधडी घालायची. हिवताप वेगळा काय असतो? मी अंगारा लावला, मीठमोहऱ्याही उतरवून टाकल्या (आणल्या होत्या, परत नेऊन डब्यात कशा घालणार). काढा प्रितमने प्यायला. दुपारपर्यंत फरक वीसच्या आत आला. प्रितम म्हणतो गोधडीमुळे.

आठ दिवस पांघरूण काढायची सोय नव्हती. आठव्या दिवशी काढायला गेलो तर तीन कोपरे आले आणि चौथा येईना. बोल्टांच्या कडेला मिस्त्रीने शेवटचा ओला माल थापला होता, त्यात कोपरा रुतून बसला. मी म्हटलं, छिन्नीने काढ. प्रितमचा चेहरा पडला. म्हणाला, काकू, माझं डोकं फोडा, पण पायाला घाव घालू नका. मग सुकीने विळ्याने वीतभर कोपरा सोडून कापली. हिरव्या काठाचा तुकडा तिथेच राहिला.

आणि आता तो निघणं नाही. मनोऱ्याच्या काँक्रीटच्या रिंगा महामार्गालगत साच्यात ओतून लांब गाड्यांवरून आणल्या, विहिरीच्या रिंगांसारख्याच, फक्त एकीत आपलं स्वयंपाकघर मावेल. क्रेनने एकीवर एक रचल्या आणि आतून वरपासून पायापर्यंत पोलादी दोर ओवून यंत्राने ताणले, गजऱ्याचा दोरा ओढल्यावर फुलं आवळतात तसे. (दुसरी पद्धत सरकत्या साच्याची. साचा वर वर चढवत दिवसरात्र ओतत राहायचं. त्यात पोर पंधरा दिवस चालतं. ती केली असती तर पेटीतलं काय काय गेलं असतं, देव जाणे.) तेव्हा सासूबाईंच्या लुगड्याचा काठ शंभर मीटर मनोऱ्याखाली आहे. त्या असत्या तर त्यांनी आधी सुकीला चहा दिला असता आणि मग मला बोलल्या असत्या, असं मला वाटतं.

चौथ्या कोपऱ्याला मी माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा लावते आहे. टाके सासूबाईंसारखे येत नाहीत, पण घट्ट आहेत. रविवारी शेजारचा दिपक वापीला चालला आहे, तो पुढे नवसारीला येऊन गोधडी हातात देईल. रियाने विचारलं तर कसर लागली म्हणून सांगावं. सर्वांना यथायोग्य नमस्कार, बाळाला पापा.

आपली भावजय,
संगिता

ता. क. दिपकबरोबर चिकू पाठवते, कच्चे आहेत. पिकल्यावर मोजा, चाळीस आहेत. रिकामा घाऱ्यांचा डबाही आहे.

ता. क. दुसरा : वर कसर लागली म्हणून सांगा असं लिहिलं, ते राहू द्या. खरं तेच सांगा. मी काल देवापुढे बसले आणि नामस्मरणात देवाच्या नावाऐवजी कसर हाच शब्द तोंडी येऊ लागला.

ता. क. तिसरा : दुसऱ्या चक्कीच्या पायाचं ओतकाम माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आहे. कंपनीची पांघरुणं या खेपेला वेळेवर आली आहेत, पण प्रितम म्हणतो, मधे तीच गोधडी हवी, तिला हातगुण आहे. मी शब्द देऊन बसले. तेव्हा चतुर्थीचं बारसं झालं की आठ दिवस बाळाला घालून द्वादशीपर्यंत ती परत पाठवावी. या वेळी कोपऱ्यांखाली प्लॅस्टिक मी स्वतः घालीन. पाठवता की नाही ते उलटटपाली कळवा, आणि पत्रात पोर लिहाल तिथे कोणतं ते स्पष्ट लिहा.