आईची इंग्लंडमधली चर्चं

८ जून, रविवार
उठले तर आईचे फोटो. परत चर्च. दगडी, बुटकं, भोवती मेंढ्या. खाली 'खूप जुनं आहे' एवढंच. डरहमला सुमनमावशीकडे गेल्यापासून रोज हेच. इथे आमच्याकडे कॅसल हिलला असताना देवळात चल म्हटलं तर गुडघे दुखतात. तिथे टेकडीवरच्या चॅपलपर्यंत चढते. बाबा गेल्यापासून एवढी फिरली नव्हती.
चांगलंच आहे. पण...

११ जून
मेट्रोत बसल्या बसल्या, फोटोतल्या पाटीवरून ते मेंढ्यांचं गाव मॅपवर शोधलं. बस जात नाही. मावशी गाडी चालवत नाही. मग ही जाते कशी? समीर म्हणाला, "उबर असेल. तू माझ्या सासूची सासू होऊ नकोस."

१४ जून, शनिवार
आज फोटोत आई स्वतः. कमानीखाली उभी, साडीवर कोणाचा तरी रेनकोट, पुरुषी, खांद्यावरून ओघळणारा. फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतेय. संध्याकाळी फोन केला.
"फोटो कुणी काढला?"
"होते एक."
"एक कोण?"
"अगं, रेंज जातेय."
रेंज जात नव्हती. मागचे पक्षीसुद्धा स्वच्छ ऐकू येत होते.
इराला फोटो दाखवला. "शी लुक्स हॅपी, मम." आणि परत हेडफोन.

१९ जून
आईचा फोन बंद. मावशीला केला. "ते दोघं सकाळीच गेले," बोलून गेली. मग हळूहळू काढून घेतलं. कर्णिक. समोरच्या घरात राहतात, रिटायर्ड डॉक्टर. बायको इंग्लिश होती, वारली. जुनी चर्चं बघायचा नाद. "सभ्य आहेत गं."
सभ्य आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं.
पुण्याचा फ्लॅट आईच्या नावावर आहे. असलं काहीतरीच मनात येतं.

२२ जून
आज आई आपणहून बोलली. कर्णिकांच्या बायकोला जिथे पुरलंय त्या चर्चला गेले होते. फुलं ठेवली, मग आत बाकावर बसले.
"मी तुझ्या बाबांबद्दल बोलले."
"काय?"
"तुला कधी सांगितलं नाही ते."
पुढे विचारवलं नाही. मग म्हणाली, "श्रीधर म्हणतात, बोललं की हलकं वाटतं."
श्रीधर. बाबांना जन्मभर 'अहो'. त्यांचं नाव तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

२५ जून
समीरला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "त्यात वाईट काय?" वाईट काय ते मला सांगता येईना. म्हणून त्याच्यावरच चिडले.

२८ जून, शनिवार
आज विचारलंच. "पुढच्या आठवड्यात येतेयस ना? एअरपोर्टला मी येते."
"अजून एक बघायचं राहिलंय. बेटावरचं. भरती आली की रस्ता पाण्याखाली जातो."
"मग?"
"मग ओहोटीपर्यंत तिथेच थांबायचं."
"आणि तिकीट?"
"ते बघू गं."
मागून पुरुषाचा आवाज, मराठीत. "निघू या का?" मला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा, हळुवार.
"ठेवते," आई म्हणाली. पण फोन बंद न करताच पर्समध्ये टाकला असावा. खडीवर पावलं वाजत होती, दोघांची. आई काहीतरी सांगत होती, शब्द लागत नव्हते. मी कट करायला हवं होतं. आमटी उतू गेली तरी कानाला लावून उभी होते.