दाराचा सहावा डोळा

मामा, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. हसू नका. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. हजेरीच्या वहीतली माझी सही बघून तुम्हीच म्हणायचात, "हे नाव आहे का कोंबडीचे पाय?" चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं यापेक्षा बरं असणार कसं? पण आज एक गोष्ट आहे ती तुमच्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. विमानतळावर सगळेच तुम्हाला मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. नात्याने तुम्ही माझे कोणी नव्हता. काम शिकवलंत, एवढंच. आणि त्या एवढ्यावर माझं धानोरीतलं घर उभं राहिलं, दोन्ही मुली शिकल्या.

आधी चांगलं सांगते. मालाच्या विमानाचं दार अजून माझ्याकडेच आहे. तुमच्या वेळचं ते म्हातारं विमान कधीच भंगारात गेलं, पण त्याच्याच जातीचं दुसरं येतं. तेही तसलंच, उमेदीत माणसं नेलेलं, वय झाल्यावर खुर्च्या काढून आणि कूस कापून हे भलं मोठं दार बसवलेलं. माल बदलला. तेव्हा तळेगावची फुलं असायची, आता जास्त करून चाकणकडचे मोटारींचे भाग आणि लोकांनी घरबसल्या मागवलेली खोकी. दार मात्र तेच. वरून खाली येतं, खालच्या काठाला आठ लोखंडी आकडे फिरून खिट्ट्यांना पकडतात आणि प्रत्येक आकड्याच्या मागे कुलूप सरकतं. कुलूप सरकलं का नाही हे बाहेरून कळायला काठावर बांगडीएवढ्या आठ काचा. तुम्ही त्यांना डोळे म्हणायचात. आता सगळेच म्हणतात, नव्या पोरांना वाटतं तो इंग्रजी पुस्तकातलाच शब्द असेल. मी सांगत नाही. वाटू दे.

मी तेव्हा ठेकेदाराकडून विमानं झाडायला होते, हातात कुंचा आणि तोंडाला फडकं. तुम्हीच मुकादमांशी भांडून मला मालाकडे घेतलंत. मुकादम म्हणाले, "बाई माणूस दाराशी कशाला?" तुम्ही म्हणालात, "दाराला बघणारं माणूस पाहिजे, बाई का बुवा ते दाराला कुठं कळतंय." मग मला शिडीवर चढवून तुम्ही खाली उभे. पुढच्या डोळ्यापासून सुरू करायचं. डावा तळवा पत्र्यावर टेकवायचा, हातमोजा काढून, कारण दार नीट बसलेलं नसलं तर काठाची पायरी आधी हाताला लागते. मग काचेतून बघायचं. आतली पिवळी रेघ समोरच्या रेघेला मिळालेली पाहिजे, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. आणि मिळाली की मोठ्याने ओरडायचं, "एक दिसलं!" मग पुढचं. पहिल्या दिवशी मी आठवं बघून "झालं" म्हणाले तर तुम्ही मला पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलंत. "झालं म्हणायचं नाही. झालं तर आंधळासुद्धा म्हणेल. दिसलं म्हणायचं." मला राग आला होता. मला अजूनही कोणी तेच काम दोनदा करायला लावलं की राग येतो. पण मामा, आज आमच्या पाळीत 'झालं' हा शब्द दाराजवळ कोणी उच्चारत नाही. उच्चारला तर मी शिडी धरून उभी असते आणि मग त्याचं काही खरं नसतं.

आता त्या दुपारचं. मे महिना आहे, शिडीच्या लोखंडाला हात लावता येत नाही. फुलांची खोकी चढवून झाली आहेत, दार खाली आलं आहे, मी शिडीवर. माझी धाकटी घरी तापाने फणफणलेली, शेजारणीकडे ठेवलेली, आणि माझं सगळं लक्ष बसच्या वेळेकडे. एक दिसलं, दोन दिसलं, पाचापर्यंत खरंच दिसलं. सहावी काच काळी. वंगण आणि धूळ बसून तव्यासारखी झालेली, वरून ऊन असं की आत नुसता अंधार. मी तळवासुद्धा टेकवला नाही. "सहा दिसलं!" म्हणाले, सात आणि आठ घाईत बघितले आणि उतरले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. शिडीवर चढलात, खांद्यावरच्या टॉवेलने सहावी काच पुसलीत, हाताचा पंजा डोळ्याशी धरून बराच वेळ आत बघत राहिलात, आणि वरूनच साहेबांना म्हणालात, "दार उघडा."

फुलांच्या खोक्यावरचं प्लॅस्टिक काठात अडकलं होतं. सहाव्या आकड्यात चुरगळून बसलेलं, आणि कुलूप अर्ध्यावर थांबलेलं. वैमानिकासमोरचा दिवा मात्र सगळं ठीक म्हणत होता. तेव्हाचे साहेब लालबुंद. उशीर झाला होता, फुलं उन्हात होती, त्यांना माणूस पाहिजे होतं ओरडायला. "कोणी बघितलं होतं हे? कोण म्हणालं दिसलं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून राहिलं, साहेब. सहावा मी बघितला होता." जन्मात खोटं न बोललेला माणूस. दुसऱ्या दिवशी तुमच्या नावाने कागद निघाला, शेडच्या फळ्यावर लागला. मला वाचता येत होतं तेवढं मी वाचलं. तुमचं नाव होतं. माझं नव्हतं. मी ठेकेदाराची होते, माझ्यासाठी कागदही निघाला नसता. गेटवरून परत पाठवलं असतं, बास. हे तुम्हाला कळलं होतं, मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

दार उघडलं त्या दुपारीच तुम्ही मला ट्रॉल्यांच्या मागे नेलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. हळू आवाजात विचारलंत, "दिसलं का म्हणालीस?"

"काच काळी होती मामा. दिसत नव्हतं."

"मग दिसत नव्हतं म्हणायचं. वीस-वीस किलोची खोकी उचलतेस, हे दोन शब्द जड झाले तुला?"

त्याच्या आधी किंवा नंतर मला कोणी असं काही बोललं नाही, आईसुद्धा नाही, की जे इतकं लागलं. अजून लागतं.

त्या रविवारी मी तुमच्या येरवड्याच्या घरी आले होते. सांगायलाच आले होते, मामींच्या समोर, की चूक माझी आहे. मामी चुलीसारख्या तापलेल्या त्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, बोंबलाचा वास सगळ्या गल्लीत. मला पाट दिला आणि म्हणाल्या, "यांच्याकडून राहिलं म्हणे गं. तीस वर्षांत कधी नाही ते. झोपच लागत नाही मला." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या ताटात चटणी वाढलीत आणि म्हणालात, "खा, गार होतंय." आणि मी खाल्लं, मामा. दोन भाकरी खाल्ल्या. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. नंतर तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला विहारात माणूस मावत नव्हतं, लोक उठून तुमच्याबद्दल बोलत होते, एकजण म्हणाला, "एकदाच चुकले, पण कबूल केलं, असा माणूस." तेव्हाही मी मागे बसून होते. मग मामीही गेल्या. सांगायचं राहिलेलं राहूनच गेलं. आणि पुढे पुढे तर मी स्वतःच नव्या माणसांना शिकवताना सांगायला लागले, "माझ्या वस्तादाकडूनसुद्धा एकदा सहावा डोळा राहिला होता, तिथं तुमची काय कथा." कागदावर तसंच होतं. लोकांना पटायचं. मलाही जवळजवळ पटायला लागलं होतं.

आता याच आठवड्याचं ऐका, म्हणजे मी का लिहिते आहे ते कळेल. भर दुपार, म्हातारं विमान भरलेलं, दार खाली. मी शिडीवर. सहापर्यंत दिसलं. सातव्याला तळवा टेकवला तर काठाची पायरी लागली, केसाएवढी. काचेतून बघितलं तर रेघ मिळाल्यासारखी, पण तिच्यावर काहीतरी सावलीसारखं. मी ओरडले, "सात दिसत नाही!"

हल्लीचे आमचे साहेब सदाशिव पेठेतले. आवाज चढवत नाहीत, पण बोललेलं दोन दिवस टोचतं. खालून म्हणाले, "बाई, वर दिवा हिरवा आहे. विमानाला स्वतःला पटलंय की दार बंद आहे. आपल्याला पटायचं बाकी आहे का?"

"विमान म्हातारं आहे साहेब. म्हातारी माणसं जेवलो म्हणतात आणि जेवलेली नसतात."

"उशीर होईल तो आपल्या नावावर लिहावा लागेल."

"लिहा. फक्त नाव नीट लिहा, मागच्या पगारपत्रकात चुकवलं होतंत."

खाली कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. मी अजून ठेकेदाराचीच आहे, मामा, आणि साहेबांच्या एका फोनवर माझा पास रद्द होतो. दार उघडून काही निघालं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी घरी होते. पण मी शिडीवरून हलले नाही. दार उघडलं. काठाचं रबर सुटून त्याची जीभ सातव्या आकड्याखाली गेली होती, कुलूप पुरतं सरकलंच नव्हतं. रेघेवरची सावली त्याच रबराची. इंजिनिअरने खाली वाकून बघितलं आणि ताठ उभा राहिला, चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. रबर बदलायला दोन तास लागले. मी खुर्चीवर बसून चहा प्यायले. मामा, इतका चांगला चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

मग साहेब आले. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "आपल्याकडून कधी काही राहतच नाही वाटतं?" त्यांच्या भाषेत ही शाबासकी होती. आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "माझ्या वस्तादाकडून राहिलं होतं एकदा, साहेब." सगळं सांगितलं, तुमच्या नावाने. त्यांना फारच आवडलं. म्हणाले, "शनिवारी सुरक्षेची बैठक आहे. सगळ्यांसमोर हेच सांगा. जुन्या माणसाची चूक आणि आपलं यश, चांगलं जुळतंय." जुळतंय म्हणाले. मी तीन रात्री नीट झोपले नाही. शिडीवर मी नाही म्हणाले ते कोणाच्या जिवावर? आणि आता टाळ्या माझ्या आणि चूक तुमची?

आज शनिवार. सभागृह भरलेलं, माझ्या पाळीचे सगळे, वरचे साहेब पहिल्या रांगेत. माझ्या हातात माईक. मी म्हणाले, "सहावा डोळा मी बघितला नव्हता. मी खोटं दिसलं म्हणाले. मामांनी माझं अंगावर घेतलं. कागदावर त्यांचं नाव आहे, ते माझं पाहिजे." आणि बसले. भाषण संपलं. कोणाला टाळ्या वाजवाव्यात का नाही ते कळेना. सदाशिव पेठ घसा साफ करून म्हणाली, "बाई, तो कागद आता सापडायचाही नाही, बदलणं तर दूरच." मी म्हणाले, "कागद राहू द्या. इतक्या माणसांनी ऐकलं, पुरे." मग सगळ्यांत आधी आमचे साहेबच उभे राहिले आणि त्यांच्यामागे सगळे. टाळ्या तुमच्यासाठी होत्या. मी मुद्दाम वाजवल्या नाहीत, ऐकत बसले.

चहाच्या वेळी पाळीतली एकजण माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ही टॉर्च, ताई? ही पण त्याच मामांची ना? चांगलं काम केलं म्हणून बक्षीस दिली होती म्हणालात ती?" स्टीलची, दोन सेलची, तुमच्या घरातली. बल्ब चारदा बदलला, दोरी कितीदा. कंपनीने नवी दिली आहे, तीही लटकवते, पण काचेला आधी हीच लावते. मी म्हणाले, "हो. बक्षीस." आणि बिस्कीट खाल्लं.

बक्षीस नव्हती. फळ्यावर तुमच्या नावाचा कागद लागला त्याच सकाळी तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "घे. आता दिसेल." हे पत्र पाठवायचं कुठे? घडी करून ठेवते. एवढ्या लोकांपुढे सगळं बोलले, मामा, पण तेवढं एक माझ्याच्याने बोलवलं नाही. बक्षीस म्हणवून घ्यायला अजून आवडतं.