आठ खोटी, तीन खरी

७ सप्टेंबर १९८६, वाकोला
आजपासून रोजनिशी. संशोधकाने ठेवावीच.
विषय: आईच्या ट्रंकेतली अकरा चांदीची नाणी. आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी हाँगकाँगहून आणलेली. एका बाजूला त्रिशूळ घेतलेली बाई, मागे जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं. इंग्रजांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेले डॉलर.
चारकोपचा प्लॉट हाउसिंग बोर्डाच्या लॉटरीत लागलाय. ३१ ऑक्टोबरपर्यंत पैसे भरले नाहीत तर गेला. संपात बाबांची गिरणी गेली, आता वॉचमनगिरी. म्हणून नाणी विकायची. बाबा सोनाराकडे निघाले होते, मी अडवलं. सोनार नुसत्या चांदीचा भाव देणार. आधी परीक्षा, मग किंमत. घरातली पहिली बी.ए. मी, तीही इतिहासात. बाबांनी ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली.

९ सप्टेंबर
लायब्ररीतून नाण्यांवरचं पुस्तक आणलं. 'व्यापारी नाणी' हे शेवटचं प्रकरण कोणीतरी फाडून नेलंय. हरकत नाही. पाया पक्का झाला.

१० सप्टेंबर, दुपार
वर्गीकरण पूर्ण. आठ नाण्यांवर बारीक चिनी ठसे ठोकलेत, काही तर बाईच्या तोंडावरच. तीन स्वच्छ, चकचकीत. सरकारी नाण्यावर असले ठोके कोण चालवून घेईल? निष्कर्ष: आठ खोटी, तीन खरी.
आई म्हणाली, गो बाय, तुझे आजोबा सांगायचे, ठसेवालीच खरी. मी वहीत 'ऐकीव माहिती' अशी नोंद केली. बाळा म्हणाला, ताई, तुझं पुस्तक फाटकं आहे, आईचं डोकं शाबूत आहे. बाळा दहावीला दोनदा बसलाय.

१२ सप्टेंबर
धोंडू वाण्याच्या काट्यावर वजनं केली. ठसेवाली प्रत्येकी सत्तावीस ग्रॅम. चकचकीत बावीस. म्हणजे खोटं नाणं करणाऱ्यांनी वजन मारलंय. धोंडू म्हणाला, अगं, वजन मारणारा जास्त घालतो की कमी? त्याला या शास्त्रातलं काय कळतं!

१५ सप्टेंबर
ज्ञान स्वतःपुरतं ठेवू नये. लायब्ररीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'जुनी नाणी विनामूल्य पारखून मिळतील. स्वतःच्या संग्रहावर संशोधन चालू. सुलक्षणा, बी.ए.' खाली घरचा पत्ता.

१७ सप्टेंबर, चार वाजता
पहिलेच अभ्यासक आले! चंद्रप्रकाशजी. आई भांड्यांच्या कामावर, बाबा ड्यूटीवर, बाळा क्लासला. बरोबर याच वेळी कसे आले कोण जाणे. योगायोग.
नाणी त्यांनी कडेला धरून, एकेक करून बघितली. आठांवर अर्धा तास. तिघांवर नजरही टाकली नाही, म्हणजे त्यांच्याबद्दल शंकाच नसणार. म्हणाले, मॅडम, आप का अंदाज़ बिलकुल सही है. मला आजवर मॅडम कोणी म्हटलं नव्हतं.
जाताना विचारलं, ट्रंकेला कुलूप एकच का?

२० सप्टेंबर
चंद्रप्रकाशजी सकाळपासून नाल्याच्या पुलावर उभे होते. वर आले नाहीत. शेजारच्या प्रेमाकाकूंनी हटकलं, तर हसून स्कूटर चालू केली. काकू म्हणाल्या, अगं, तो माणूस तुमच्याच दाराकडे बघत होता. विद्वान माणसं संकोची असतात, हे मी काकूंना समजावलं.

२४ सप्टेंबर
गंभीर बाब. चंद्रप्रकाशजी म्हणाले, खोटी नाणी घरात ठेवणं गुन्हा आहे. धाड पडली तर बाबांना धरतील. कोणाला बोलू नका, घरच्यांनाही नाही. हे बोलताना त्यांनी दार आतून लोटून घेतलं. आपल्यासाठी केवढी काळजी!
जेवण गेलं नाही. जिन्यात पावलं वाजली की पोलीस वाटतात.

२६ सप्टेंबर
कर्तव्य केलं. आठही नाणी त्यांच्या स्वाधीन. अंधेरीच्या एका भट्टीत वितळवणार. उगाच कोणा गरिबाच्या गळ्यात पडायला नकोत. ते शंभराची नोट देत होते, मी घेतली नाही. खोट्या मालाचे पैसे आपण घेत नाही. तेव्हा ते मनापासून हसले, बराच वेळ. माझ्या वहीत सहीही केली. नीट लागत नाही. मोठ्या माणसांच्या सह्या अशाच असतात.
तीन नाणी मात्र त्यांनी न बघताच परत सरकवली. म्हणाले, ये तो खानदानी चीज़ है, सँभाल के रखना.

११ ऑक्टोबर
तिघांची किंमत काढली. प्रत्येकी हजार तरी. भरणा होऊन पंखासुद्धा येईल. आई विचारत होती, बाकीची कुठायत? तपासणीला, म्हटलं.

२८ ऑक्टोबर
मुलुंडला राजारामकाकांकडे गेले. टांकसाळीतून रिटायर झालेले. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. टेबलावरचं लोहचुंबक जवळ नेलं. तिन्ही नाणी टकटक करत जाऊन चिकटली.
काका म्हणाले, पोरी, जत्रेतला माल आहे हा. ठसेवाली नव्हती का एखादी? चिनी सराफ नाणं वाजवून, तोलून घ्यायचे आणि खरं ठरलं की स्वतःचा ठसा मारायचे. ठसा म्हणजे त्यांची साक्ष.
नाही, म्हटलं. तशी एकही नव्हती.

२९ ऑक्टोबर
अंधेरी. चंद्रप्रकाशजींनी दिलेल्या पत्त्यावर भट्टी नाही, प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. गेटवरच्याने माझ्याकडे बघून विचारलं, तुमची पण नाणी का? या महिन्यातल्या तुम्ही तिसऱ्या.

३० ऑक्टोबर
घरी सांगितलं. बाळा माझं फाटकं पुस्तक लायब्ररीत परत देऊन आला. त्याने टोमणा मारायला हवा होता.
आईने नाण्यांच्या पुरचुंडीचं रिकामं फडकं घडी करून ट्रंकेत ठेवलं.

३१ ऑक्टोबर
प्लॉट सोडून अनामत परत घ्यायची तर बोर्डाला इंग्रजीत अर्ज लागतो. बाबा दोन रुपयांचा चांगला कागद घेऊन आले. म्हणाले, तूच लिही, घरात शिकलेली तू.
लिहिला. अक्षर सुरेख आलं. बाबांनी खाली सही केली आणि शेजारून आलेल्या प्रेमाकाकूंना कौतुकाने दाखवला.